दह्याच्या गंजावरची डिस्क

कुठल्याही गोष्टीचं ‘काहून’ कळल्याशिवाय पंजाबरावांना भाकर गोड लागत नसे. वणीच्या कोळसा खाणीत त्यांनी उभा जन्म डंपर चालवला. चढावर डंपर एका अंगाला का ओढतो, रिकामा असला की का उधळतो, हे ते विचारत राहायचे, आणि मेकॅनिक लोक त्यांना लांबून येताना पाहून चहाला निघून जायचे. निवृत्तीनंतर डंपर सुटला, पण ‘काहून’ काही सुटला नाही. त्याचा सगळा भार घरावर आला. कांताबाईंनी एकदा हात जोडून सांगितलं होतं, “माह्या कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब ठेवू नका बाप्पा. वरण आपल्या मनानं शिजते.”

अशा माणसाला डिस्क गोल्फ सापडावा, यात नवल नव्हतं. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या निकिता मॅडमनी कॉलनीमागच्या पडीक रानात लोखंडी खांबांवर साखळ्यांच्या टोपल्या उभ्या केल्या आणि निवृत्त मंडळींना गोळा केलं. खेळ सोपा. हातातली प्लास्टिकची डिस्क फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. पण डिस्क हवेत जाऊन वळते, आणि ती का वळते, हे पाहून पंजाबराव त्या खेळाच्या प्रेमातच पडले.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. खाणीच्या तीन पाळ्यांत त्यांचा संसार कधी एका वेळेला जागा नव्हताच. ते झोपायचे तेव्हा कांताबाई उठायच्या, त्या जेवायला बसायच्या तेव्हा यांची ड्यूटी सुरू व्हायची. आता रोज सकाळी दोघं मिळून मैदानावर जात. ती हिवाळ्यातली तासभराची सकाळ पंजाबरावांना इतकी आवडायची की रात्री झोपताना ते तिची वाट पाहत झोपत.

आणि तीच सकाळ आता हातची जायची वेळ आली होती.

कारण होता नाला. शेवटच्या टोपलीच्या वाटेत तो आडवा येई. तिरका होता. समोरून सरळ गेलं तर अरुंद, डावीकडं मात्र चांगला ऐसपैस, काळ्या चिखलाचा. दिवाळीनंतरच्या रविवारी कॉलनीत नवरा-बायकोच्या जोड्यांची स्पर्धा होई, आणि तिचा एक नियम कॉलनीनं स्वतःच घातला होता. शेवटच्या टोपलीला जोडीतल्या दोघांच्याही डिस्क पहिल्या फेकीत नाल्यापार गेल्या पाहिजेत. नाहीतर जोडी बाद. नवऱ्यांनी खेळायचं आणि बायकांनी पाण्याची बाटली धरून मागं चालायचं, असं होऊ नये म्हणून कॉलनीतल्याच विजयमालाबाईंनी तो नियम भांडून करून घेतला होता. नियम उत्तमच होता. पण कांताबाईंची डिस्क दरवर्षी डावीकडं वळून चिखलात जायची, आणि सगळ्यांसमोर ती काढायला त्यांचा नवरा पायजमा वर करून उतरायचा.

“या रविवारी आखरीचं,” कांताबाईंनी सांगून टाकलं. “पुन्हा नाल्यात गेली तं मी येणं बंद. तुमी दुसऱ्या कोनासंग खेळा. लोकांचं हसू कायले करून घ्यायचं?”

“हसते कोण?”

“सारेच हसते. तुमचं ध्यान डिस्ककडं असते, म्हून तुमाले दिसत नाय.”

ही बाई बोलल्याप्रमाणे करणारी होती, हे पंजाबरावांना पुरतं माहीत होतं.

पण डिस्क डावीकडं जाते काहून? कांताबाईंची फेक वाईट नव्हती. मनगट मोकळं, पाय जागेवर. शिवाय त्यांच्या हातात पंजाबरावांनी निवडून दिलेली सगळ्यात दमदार डिस्क होती. ती निवड कशी झाली, हेही सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत तिथंच आहे.

प्रत्येक डिस्कवर चार आकडे असतात. निकिता मॅडमनी सुरुवातीला पेटी आणून ठेवली आणि त्याच दिवशी त्यांना परीक्षेच्या ड्यूटीवर जावं लागलं. मग पेटी उघडली पंजाबरावांनी, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून. पहिला आकडा त्यांना लगेच पटला. बारा मोठा, सात लहान; म्हणजे बाराची दमदार. मोठ्या टनाचा डंपर तो मोठा, तसंच. तिसऱ्या आकड्यापाशी मात्र ते थबकले. काहींवर शून्य होतं आणि काहींवर चक्क मायनस. मायनस दोन, मायनस तीन.

आता खाणीत मायनस म्हणजे काय, हे खाणीतल्या माणसालाच ठाऊक. गेटवरच्या फळ्यावर पाळीचं टार्गेट लिहिलेलं असे, आणि कोळसा कमी पडला की पुढं लाल खडूनं मायनस. ज्या पाळीचा मायनस, ती पाळी कॅन्टीनमध्ये मान खाली घालून चहा प्यायची. पंजाबरावांनी त्या लाल खडूचा आयुष्यभर धसका घेतला होता.

“मायनसवाल्या बाजूले ठेवा,” त्यांनी फर्मान काढलं. “ज्याच्यात कंपनीतूनच घट हाय, ते घेऊन काय करता?”

सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळेच त्या फळ्याखालून गेलेले. नंतर निकिता मॅडमनी दोनदा समजावून पाहिलं, पण मायनस घ्यायला एकही हात पुढं येईना. त्या डिस्क पेटीच्या तळाशी पडून राहिल्या. त्यातली एक लाल डिस्क कांताबाईंनी घरी नेली आणि दह्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून उपडी घातली. इतकी बरोबर बसली की मांजरानं त्या गंजाचा नादच सोडला.

स्पर्धेच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सरावाला कांताबाईंची बाराची डिस्क नाल्यात गेली ती गेलीच, चिखलानं गिळली. पंजाबरावांनी काठीनं ढवळून पाहिलं. काही नाही. कांताबाई चिडल्या, ताडताड घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दह्याचं झाकण होतं.

“अवं, ते कायले आणलं? मायनस हाय ते!”

“नाल्यातच घालायची हाय ना? मंग हे घालते. तुमच्या चांगल्या चांगल्या डिस्क कायले वाया घालवू?”

आणि रागारागात त्यांनी फेकली.

डिस्क निघाली. नेहमीसारखी डावीकडं जाईल म्हणून पंजाबरावांनी आधीच पायजम्याला हात घातला होता. पण ती डावीकडं गेलीच नाही. आधी हळूच उजवीकडं कलली, अशी की आता बोरीच्या झुडपात जाते. मग जणू काही आठवल्यासारखी परत सरळ झाली, नाल्यावरून तरंगत गेली, आणि पलीकडच्या गवतात अलगद बसली.

दोघंही बघत राहिले. झाडावरच्या साळुंक्यासुद्धा क्षणभर गप्प होत्या, असं पंजाबराव पुढं कित्येक दिवस सांगत असत.

“पाह्यलं का?” कांताबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते पंजाबरावांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“पाह्यलं. पण काहून?”

इथून पुढचे दिवस त्या घरात दही उघडंच राहिलं. पंजाबरावांना आधी वाटलं, दह्याच्या स्निग्धपणानं डिस्क गुळगुळीत झाली असावी. त्यांनी दुसऱ्या एका डिस्कला दही चोळून फेकलं. ती डावीकडंच गेली, आणि वर मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच. मग वाटलं, वारा. त्यांनी धोतराचा तुकडा काठीला बांधून नाल्याकाठी रोवला. वारा पडलेला असतानाही झाकण उजवीकडं कललं आणि पार गेलं. मग त्यांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तिचं वजन केलं. ती जराशी हलकी निघाली. पण तेवढ्याच वजनाची शून्यवाली डिस्क कांताबाईंच्या हातून पुन्हा चिखलात.

“तुमी तिचे आकडे काहून पाहून नाय राह्यले?” शेवटी कांताबाईच म्हणाल्या. “साऱ्या जगाचं मोजलं, तिच्या पाठीवर लिव्हलं ते तेवढं सोडलं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंजाबरावांनी चष्मा चढवला. सात, पाच, मायनस तीन, एक. ते तसेच उठून निकिता मॅडमकडं गेले.

मॅडम आधी पोटभर हसल्या. मग मैदानावर येऊन त्यांनी डिस्क हातात घेतली.

“काकाजी, मायनस म्हणजे घट नाही. तो आकडा वळणाचा. उजव्या हातानं अशी फेकली, की प्रत्येक डिस्क वेग संपताना डावीकडं पडते. पण ही, वेगात असताना आधी उजवीकडं कलते. मायनस जेवढा मोठा, तेवढं कलणं जास्त. याला अंडरस्टेबल म्हणतात. उजवीकडं गेली तेवढी डावीकडं परत आली, की गोळाबेरीज सरळ.”

“मंग बाराची काहून नाय कलत? ते तं जास्त दमदार हाय.”

“ती दमदार नाही, हट्टी आहे. तिला तेवढा वेग हाताकडून लागतो. वेग कमी पडला की ती उडायच्या आधीच डावीकडं पडते. ही सातची म्हणजे फेअरवे ड्रायव्हर. मधल्या वेगाची. ज्याचा हात हळू, त्याच्यासाठी अंडरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर सगळ्यात सरळ आणि सगळ्यात लांब.”

“आन हात जोराचा असला तं?”

“बघा.” मॅडमनी दोन पावलं धावत झपकन फेकली. तीच डिस्क, तीच जागा. पण यावेळी ती उजवीकडं कलली आणि कलतच गेली, पार उभी होऊन जमिनीवर टेकली आणि चाकासारखी घरंगळत बोरीच्या झुडपात शिरली. “जोर जास्त झाला की ती उलटते. माझ्या हाताला ही चालत नाही.”

पंजाबरावांचे डोळे चमकले. रिकामा डंपर! तोच वेग, तोच रस्ता. भरलेला गपगुमान चालतो आणि रिकामा उधळतो. एवढी वर्षं जे स्टिअरिंगवर हाताला कळत होतं तेच हे. त्यांना इतका आनंद झाला की मॅडमना त्यांनी तिथंच खाणीतल्या चढाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

मग पेटी बाहेर निघाली. तळाशी पडलेल्या मायनसवाल्या डिस्क कांताबाईंनी पदरानं पुसून गवतावर मांडल्या आणि एकेक हातात घेऊन पाहिली. निवड अशी चालली होती, जशी साडीच्या दुकानात चालावी. मायनस चारची फार कलायची, कांताबाईंच्या हातूनसुद्धा झुडपात जायची. एक पिवळी इतकी हलकी की वाऱ्याची झुळूक आली की वरच उठायची. एकीची कड बोटांना जाड लागली. फिरून फिरून त्या लाल झाकणावरच आल्या.

“हेच बरं. हाताले ओळखीचं हाय.” आणि मग जाता जाता त्यांनी एक निळी उचलली. तीही सातची, मायनस दोन, जरा भारी. “हे दुधाच्या पातेल्यावर ठेवते.”

“बरं,” पंजाबराव म्हणाले. त्यांचं ध्यान कुठं होतं? ते मनातल्या मनात अजून डंपर चालवत होते.

“काकाजी, तुम्ही पण एक घेऊन बघा ना,” निकिता मॅडम म्हणाल्या.

“मले?” पंजाबराव हसले. “माह्या हातात हे पल्टीच मारीन, तुमच्यावानी. मले बाराचीच पाह्यजे.”

मॅडमनी कांताबाईंकडं पाहिलं. कांताबाईंनी डिस्क पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळलं.

एक गोष्ट खरी होती. पंजाबरावांची स्वतःची बाराची डिस्क मागच्या वर्षी नाला जेमतेम ओलांडायची. यंदा सरावात ती बहुतेकदा चिखलाच्या काठावरच बसत होती. याचंही कारण त्यांच्यापाशी होतं. यंदा पाऊस जास्त झाला, काठ ढासळले, नाला रुंद झाला. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतं, तसा हा नाला. जगातलं सगळं मोजणाऱ्या या माणसानं तो नाला मात्र दोरी लावून एकदाही मोजला नव्हता.

रविवार उजाडला. कॉलनीतली माणसं स्वेटर-मफलर घालून जमली. भंगाराच्या गोदामातून आणल्यासारखा एक जुना लाउडस्पीकर पुंडलिकरावांनी बाभळीला बांधला होता. हे पुंडलिकराव म्हणजे विजयमालाबाईंचे यजमान. वणीजवळ त्यांचं कापसाचं शेत, आणि नाल्यापार सहज फेकणारी त्यांची जोडी.

“जय भीम, पंजाबराव!” ते लांबूनच ओरडले. “पायजमा जुना घालून आले ना?”

लोक हसले. यावेळी पंजाबरावांना ते ऐकू आलं. कांताबाई म्हणत होत्या ते खरं होतं. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, पण ते दरवर्षीचं होतं. त्यांना बायकोची लाज एकदम स्वतःच्या अंगावर आल्यासारखी वाटली.

आधीच्या टोपल्या दोघांनी बऱ्या काढल्या. मग नाला आला.

कांताबाई पुढं झाल्या. खांद्यावरचा पदर कमरेला खोचला. हातात लाल डिस्क दिसताच मागून कुणीतरी म्हणालं, “काकू, मायनसवाली घेतली काय?” त्यांनी वळूनही पाहिलं नाही. फेकली. डिस्क उजवीकडं कलली, लोकांनी “गेली गेली” म्हटलं, आणि ती परत सरळ होऊन नाल्यावरून गेली, पलीकडं जाऊन बसली. मग विजयमालाबाईंनी अशी टाळी पिटली की पुंडलिकराव दचकले.

आता पंजाबराव.

त्यांनी बाराची डिस्क हातात घेतली. तिची कड त्यांच्या अंगठ्यानं झिजलेली. समोर नाला. पहिल्यांदाच त्यांना तो नाला नीट दिसला. पलीकडच्या काठावरचा तोडलेल्या बाभळीचा ठुंठ जिथल्या तिथं होता. मागच्या वर्षीही काठापासून तेवढ्याच अंतरावर होता. काठ ढासळला असता तर तो कधीच पाण्यात गेला असता.

त्यांचा हात थांबला. म्हणजे एवढे दिवस लोक ज्या जोडीला हसत होते, त्या जोडीतलं अडलेलं माणूस आता वेगळंच होतं. आपली डिस्क चिखलात गेली तर कांताच्या फेकीवर पाणी. आणि मग ती उद्यापासून येणार नाही.

शेजारी पिशवी उघडल्याचा आवाज झाला. कांताबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात निळी डिस्क.

“हे घ्या.”

“दुधावरची?”

“दुधावर ताटली हाय. घ्या.”

“पल्टी मारीन ते, कांता. माह्या हाताचा जोर…”

“मारली तं मारली. झुडपातून मी काढून आणते, तुमी नेहमी नाल्यातून काढून आणता तं. फेका.”

पंजाबरावांनी निळी डिस्क घेतली. मनात दोन गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. ही पार जावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि आत कुठंतरी, अगदी थोडंसं, असंही वाटत होतं की हिनं उलटावं. मॅडमच्या हातून उलटली तशी. म्हणजे कळेल लोकांना, या हातानं डंपर चालवलाय.

त्यांनी काही राखून ठेवलं नाही. होता नव्हता तेवढा जोर लावला आणि फेकली.

डिस्क उजवीकडं कलली. पंजाबरावांनी श्वास धरला. थोडी आणखी कलली. आणि मग अगदी शहाण्या लेकरासारखी परत आली, सरळ झाली, आणि सरळच गेली, नाल्यावरून, चिखलावरून, ठुंठावरून, आणि लाल डिस्कच्या बाजूला जाऊन पडली.

लोकांनी गलका केला. पुंडलिकरावांनी येऊन पाठीवर थाप मारली, “भले बहाद्दर!” लाउडस्पीकरवर कुणीतरी त्यांचं नाव घेतलं. पंजाबराव मात्र पलीकडं पडलेल्या त्या दोन डिस्ककडं बघत होते.

नाल्यावरच्या सिमेंटच्या पाइपांवरून दोघं पलीकडं निघाले, तेव्हा ते हळूच म्हणाले, “पल्टी नाय मारली तिनं.”

“नाय मारली.”

“माहा पुरा जोर होता.”

“मले दिसलं.”

चार पावलं ते पुढं गेले. मग त्यांनी आयुष्यभराचा प्रश्न यावेळी जरा वेगळा विचारला. “तुले कधीपासून माहीत होतं?”

कांताबाईंनी उगाच आढेवेढे घेतले नाहीत. “पावसाळ्यापासून. गॅसचं सिलिंडर तुमी पयले खांद्यावर उचलून आणत होते. आता दारापासून सरकवत आणता, आन म्हणता का फरशी चांगली गुळगुळीत हाय.”

पंजाबरावांना आधी वाईट वाटलं. अगदी आत, जिथं लाल खडूची भीती राहायची तिथं. आणि मग का कोण जाणे, त्यांना हसूच आलं. थांबेना. कांताबाईही हसायला लागल्या, आणि त्या पाइपांवर एकमेकांचा हात धरूनच त्यांना उभं राहावं लागलं. पलीकडच्या लोकांना वाटलं, जिंकल्याचं हसताहेत.

जिंकले मात्र पुंडलिकराव आणि विजयमालाबाईच. टोपलीत घालताना पंजाबरावांच्या दोन फेकी साखळीला लागून बाहेर पडल्या. पण जोडी बाद झाली नव्हती. परत येताना कांताबाईंनी दोन्ही डिस्क पिशवीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, “उद्या लवकर निघायचं का? ऊन चढलं की वारा सुटते.”

“निघू,” पंजाबराव म्हणाले.

घरी आल्यावर ते आधी स्वयंपाकघरात गेले. दह्याचा गंज उघडाच होता आणि मांजर त्याच्याकडं आशेनं बघत बसलं होतं. पंजाबरावांनी पिशवीतून आपली बाराची डिस्क काढली, नळाखाली धुतली, टॉवेलनं पुसली, आणि गंजावर उपडी घालून पाहिली.

बरोबर बसली.